गोंगाट नावाचं बटण

माझ्या कीबोर्डवरच्या एका बटणावर मी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेनने 'गोंगाट' असं लिहिलं होतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, रडणारं मूल, शेजारचा टीव्ही, असं काही ऐकू आलं की ते बटण दाबायचं. तेवढा तुकडा गाळला जायचा. शिकणारा माणूस मध्येच मराठीत बोलला तरी तेच बटण. मराठीही गोंगाटातच मोडायची. पहिल्या दिवशी हे मला जरा विचित्र वाटलं होतं. दुसऱ्या आठवड्यात वाटेनासं झालं.

राजाजीनगरात एका प्लायवूडच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मोबाइलवरून इंग्रजी बोलायला शिकवणारं अ‍ॅप. त्याआधी मी सीमाभागातल्या एका गावात बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होतो. मराठी शाळेत मुलं येईनाशी झाली, तुकड्या बंद झाल्या, आणि बायकोच्या भावाच्या ओळखीने आम्ही या कन्नड शहरात, चामराजपेटेत भाड्याने राहायला आलो. अ‍ॅपवाल्यांना मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी माणसं हवी होती. आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघे पुण्याकडचे, माझ्या मुलीच्या वयाचे. ते मला काका म्हणत.

काम सोपं होतं. विद्यार्थी रोज मिनिटभर आपल्या दिवसाबद्दल इंग्रजीत बोलायचा. ती क्लिप आमच्याकडे यायची. उच्चार, ओघ, स्पष्टपणा यांना गुण द्यायचे, तयार शेऱ्यांपैकी एक निवडायचा, की पुढची क्लिप तीन सेकंदांत आपोआप सुरू. दिवसाला दोन-अडीचशे माणसं कानातून जायची.

एक नियम मात्र कडक होता. ऐकणारा माणूस आहे हे विद्यार्थ्याला कळता कामा नये. अ‍ॅपवर लिहिलेलं असायचं की तुमचा 'स्मार्ट टीचर' ऐकतो आहे, आणि लोक समजायचे की मशीन ऐकतंय. सुरुवातीला एकदा मी चूक केली. सोलापूरकडची एक मुलगी बोलता बोलता रडायला लागली, नापास झाली होती. तयार शेरा बाजूला ठेवून मी मराठीत दोन ओळी लिहिल्या, धीराच्या. तिच्या वडिलांनी तक्रार केली की आमच्या घरातलं कोण ऐकतंय. टीम लीडने मला काचेच्या खोलीत बसवलं. ती चांगली मुलगी होती, आवाज चढवला नाही.

"काका, ती काय बोलते ते आपलं काम नाही. कशी बोलते, तेवढंच. पुढच्या वेळी मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

त्यानंतर लोक काय बोलतात ते ऐकणं मी बंद केलं. हे जमतं. सांगून पटणार नाही, पण सवयीने जमतं. शब्द कानावरून जातात, त्यांचा अर्थ लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. शाळामास्तरचा आवाज म्हणून अ‍ॅपमधली बोलायची वाक्यं माझ्याकडूनच भरून घेतली होती. भिंतींना फोम लावलेल्या कपाटाएवढ्या खोलीत एक दिवसभर मी ती म्हणत होतो. गुड मॉर्निंग. व्हेरी गुड. आय ॲम लिसनिंग. प्लीज स्पीक ओन्ली इन इंग्लिश. हे शेवटचं वाक्य आम्ही गोंगाटाचं बटण दाबलं की विद्यार्थ्याच्या फोनवर आपोआप वाजायचं. ते रागावल्यासारखं वाटू नये म्हणून मला सात-आठ वेळा म्हणायला लावलं होतं.

ती बाई पहिल्यांदा कधी आली ते आठवत नाही. आमच्याकडे नावं यायची नाहीत, नुसता आकडा. लक्षात राहिली ती विमानांमुळे. तिच्या क्लिपमध्ये दर थोड्या वेळाने विमान जायचं, अगदी छतावरून गेल्यासारखं. ती मध्येच थांबायची, विमान जाऊ द्यायची, आणि तुटलेलं वाक्य नेमक्या त्याच शब्दापासून पुढे न्यायची. अशी शिस्त फार कमी लोकांत असते. वय पासष्टच्या पुढचं असावं. मध्येच मराठीत स्वतःशी पुटपुटायची, त्यावरून नागपूरकडची आहे हे कळलं. 'आता हे कसं म्हणून राहिली मी' असं काहीतरी. मी बटण दाबायचो.

'माझं घर' या विषयावर तिने सगळं सांगितलं होतं. मुलगा आणि सून आयटीत. घर देवनहळ्ळीला, विमानतळाजवळच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, तेराव्या मजल्यावर. लेआउटचं नावही सांगितलं. मजल्यावर चार घरं, तीन रिकामी. नवऱ्याची आठवण गेलेली, दोनदा घराबाहेर निघून गेले, एकदा थेट हायवेवर सापडले, म्हणून दाराला बाहेरून कुलूप. दुपारी कामवाली येते, तिच्याकडे किल्ली. नवरा वस्तू लपवतो. आज चष्मा डाळीत सापडला. टॅबवर बाकी सगळं बंद करून ठेवलंय, कारण ते काहीही दाबतात. फक्त इंग्रजीचा क्लास चालू आहे. मुलगा म्हणाला, आई, तेवढाच तुझा वेळ जाईल.

हे सगळं मला पाठ आहे, म्हणजे मी ऐकत होतो. ऐकत नव्हतो असं मी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं.

एका सकाळी तिच्या क्लिपमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला. एरवी तसं होत नसे, अ‍ॅपचा आवाज थांबल्यावरच माइक चालू व्हायचा. पण तिचा टॅब थोडा अडखळत असावा. 'आय ॲम लिसनिंग' हे माझं वाक्य त्या खोलीतून परत आलं. फोमच्या कपाटात बोललो होतो तेव्हा त्याला काही खोली नव्हती, भिंती नव्हत्या. आता होत्या. पंखा फिरत होता, लांबून विमान येत होतं, आणि मी त्या घरात बसून बोलत होतो. त्यानंतर मागून एक म्हातारा पुरुष आवाज आला, खूप आज्ञाधारक.

"येस सर."

मी हेडफोन काढून खोलीत इकडेतिकडे पाहिलं. सकाळचे दहा वाजले होते. बाजूचा मुलगा डोसा खात होता.

मग ते रोजचंच झालं. ती इंग्रजीत सांगायची की माझा नवरा मला ओळखत नाही, मला नर्स समजतो, पण सरांचा आवाज आला की सावरून बसतो. त्यांना वाटतं कुणी मोठे साहेब भेटायला आलेत. आज ते म्हणाले, सरांना खुर्ची द्या. आणि क्लिपमध्ये फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा, तिच्या आवाजाच्या मागून पुढे, टॅबच्या अगदी जवळ येऊन थांबायचा. नंतर शांतता. मग तो म्हातारा आवाज हळूच विचारायचा, "सर, टी?" मराठीत नाही, म्हणून मला बटण दाबावं लागायचं नाही. तिने एकदा हसत सांगितलं की ते रोज सरांपुढे कप ठेवतात आणि गार झाला की मला रागावतात, सरांना आवडला नाही म्हणून.

घरी मी बायकोला हे सांगितलं नाही. पण रात्री चहाचा कप समोर आला की मी तो लगेच उचलायचो. तिने विचारलं, चटका बसेल, एवढी काय घाई. मी म्हटलं, काही नाही.

आता ती सकाळ.

एरवी क्लिप आमच्यापर्यंत यायला एक-दोन दिवस लागायचे, रांग मोठी असायची. त्या आठवड्यात रांग छोटी होती. क्लिपच्या कोपऱ्यात वेळ यायची. तिच्या क्लिपवर नऊ चाळीस होतं. माझ्या भिंतीवरच्या घड्याळात दहाला दोन-तीन मिनिटं होती. हे मी पुढे दोन वर्षं कुणालाही सांगितलं नाही. सगळ्यांना सांगताना मी म्हणत आलो की क्लिप जुनी होती, माझ्यापर्यंत आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ती जुनी नव्हती. अठरा मिनिटांपूर्वीची होती.

तिने इंग्रजीत सुरुवात केली. माझा नवरा झोपला आहे. एवढं बोलून थांबली. विमान नव्हतं. विमान नसताना ती कधी थांबत नसे. मागे एक आवाज होता. पाणी उकळताना भांड्यावरचं झाकण हलतं तसा, लांब, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. मला वाटलं स्वयंपाकघरात काही चढवलंय. मग ती मराठीत बोलली, टॅबच्या अगदी जवळ तोंड आणून.

"कोणी ऐकून राहिलं का हो? हे उठून नाही राहिले. श्वास कसातरीच करून राहिले. दार बाहेरून लागलेलं आहे. माझा फोन यांनी कुठं ठेवला सापडत नाही. मुलाला सांगा कोणी. सर, ऐकून राहिले का तुम्ही?"

मग ते झाकण हलल्यासारखं पुन्हा. ते झाकण नव्हतं.

मला प्रत्येक शब्द कळला. नागपुरी मराठी माझी नाही, पण शब्द न् शब्द कळला. माझं बोट त्या चिकटपट्टीवर होतं. मी काय विचार केला ते आठवायचा खूप प्रयत्न केला आहे. मोठा असा काही विचार नव्हता. काचेची खोली आठवली. टीम लीड समोरच्याच टेबलावर होती. मी उठून तिला सांगू शकत होतो, तिने ऐकलं असतं असं मला आज वाटतं. पण तेव्हा वाटलं की आधी नंबर कुणाकडे असेल, मग कोण फोन करणार, मग विचारतील की तुम्हाला घरचं एवढं कसं माहीत. जेवणाआधी सत्तर क्लिपा संपवायच्या होत्या. आणि खरं सांगायचं तर बोट सवयीने गेलं. मराठी आली, बटण दाबलं. शेरा निवडला. पुढची क्लिप तीन सेकंदांनी सुरू झाली. कोणीतरी आपल्या कुत्र्याबद्दल बोलत होतं.

मागे जायचं बटणही होतं. ते मी दाबलं नाही.

तिकडे काय झालं असेल ते मला नेमकं माहीत आहे, कारण यंत्रणा तशीच बनवलेली होती. तेराव्या मजल्यावर, बाहेरून कुलूप असलेल्या घरात, त्या खुर्चीपुढे ठेवलेल्या टॅबमधून माझा आवाज आला असेल, अजिबात न रागावलेला. प्लीज स्पीक ओन्ली इन इंग्लिश.

दुसऱ्या दिवशी तिच्या चार क्लिपा होत्या. वेगवेगळ्या तासांच्या. सगळ्या इंग्रजीत, एकही मराठी शब्द नाही. इतकं स्वच्छ इंग्रजी ती कधीच बोलली नव्हती. माझा नवरा झोपला आहे. त्यांना चहा नको आहे. मी त्यांना दोन चादरी घातल्या आहेत. सर आलेले आहेत, सर बसलेले आहेत. पंखा फिरत होता. त्याच्या मागचा तो आवाज मी शोधला, हेडफोन कानांवर दाबून, आवाज पूर्ण मोठा करून. नव्हता. चौथ्या क्लिपमध्ये बोलणं संपल्यावर बराच वेळ कोरा होता, आणि मग कुणी नसलेल्या माणसाला विचारावं तशी ती म्हणाली, "सर, टी?"

मी पूर्ण गुण दिले. कमी देण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर तो आकडा बंद पडला. एक दिवस, दोन दिवस. मी दर सकाळी रांगेत तो शोधायचो. चौथ्या दिवशी पंखा लावला की मला त्यात श्वास ऐकू यायला लागला. बायकोने पंखेवाल्याला बोलावलं, तो म्हणाला बेअरिंग चांगलं आहे. आठव्या दिवशी मी रजा टाकली आणि देवनहळ्ळीची बस पकडली.

लेआउट सापडायला अवघड गेलं नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागांचे उरलेले खांब, मध्ये चार उंच इमारती, बहुतेक बाल्कन्या रिकाम्या. वर विमानं. ती मी ओळखत होतो, प्रत्येकाचा कमी-जास्त होणारा आवाज. गेटवरच्या वॉचमनला मी कन्नडमध्ये विचारलं की तेराव्या मजल्यावर नागपूरची एक आजी राहते का. त्याने वहीत माझं नाव लिहायला घेतलं होतं. त्याचा हात थांबला.

तो म्हणाला की अज्जा, म्हणजे आजोबा, वारले, गेल्या आठवड्यात. कामवालीला ताप होता, तिने मुलाला मेसेज केला, मुलगा-सून कामासाठी परदेशी निघालेले, विमानात होते, त्यांनी तो उशिरा पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप तोडलं. आजी आत बसली होती, समोर टॅब. मग तो आपण होऊन बोलायला लागला, म्हणजे हे त्याने माझ्याआधी बऱ्याच जणांना सांगितलं असावं. दोन्ही दिवस सकाळी तो फेरीला वर गेला होता. दाराला कान लावला होता. आत बोलणं चालू होतं. इंग्लिशमध्ये. आजी बोलत होती आणि एक पुरुष तिच्याशी बोलत होता, शांतपणे, व्हेरी गुड म्हणत होता. खुर्ची सरकली. कुलूप रोजच असायचं, त्याकडे लक्ष गेलं नाही; त्याला वाटलं कुणीतरी मोठं माणूस आलंय, डॉक्टर असेल, कशाला बेल वाजवायची. तो खाली आला.

"कोणाचाच आवाज आला नसता तर मी दार तोडलं असतं, अण्णा," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, "तुम्ही आधी इथे आला होतात का? आवाज ऐकल्यासारखा वाटतो."

मी नाही म्हटलं. लिफ्टमध्ये मी एकटाच होतो आणि तेरा मजले मी एक शब्द बोललो नाही.

दार मुलाने उघडलं. तिशीतला, डोक्याचं मुंडण केलेलं, डोळे सुजलेले. कडीच्या जागी लाकूड फाटलेलं तसंच होतं. मी सांगितलं की इंग्रजीच्या क्लासकडून आलोय, खातं बंद दिसलं म्हणून चौकशीला. इतकं खोटं मी तिथे जाताना बसमध्ये जुळवलं होतं. तो म्हणाला, हो, ते बंदच करायचं आहे, आणि खिशातून कार्ड काढून दिलं, यावर कळवा म्हणाला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"सर आले का?"

मुलाने डोळे मिटले. "आई, तू पडून रहा."

ती बाहेर आली. मी मनात तिला उंच समजत होतो, ती माझ्या खांद्याइतकीही नव्हती. कोपऱ्यात जमिनीवर दिवा लावलेला होता, जवळ ताटलीत पीठ पसरलेलं. खिडकीजवळ एक खुर्ची होती, कुणाकडेच तोंड नसलेली, समोर नुसती तिपाई. तिने ती खुर्ची ओढली. फरशीवरचा तो आवाज मला माझ्या दातांत कळला. मी बसलो.

मुलगा मला हळू आवाजात, माफी मागितल्यासारखं सांगायला लागला. डॉक्टरांचा अंदाज आहे की बाबा त्या पहिल्या सकाळच्या आदल्या रात्रीच झोपेत गेले. काही त्रास नाही. आई मात्र म्हणते की सकाळी जिवंत होते, तिने हाका मारल्या. दोन दिवस ती त्यांच्याजवळ बसून टॅबशी बोलत होती. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने असं होतं, माणसाला भास होतात. गोळ्या चालू आहेत. हे सांगताना तो त्या फाटलेल्या चौकटीकडे बघत होता. कुलूप त्याने लावलं होतं. आदल्या रात्री गेले असतील तर कुलपाने काही फरक पडला नव्हता.

ती माझ्यासमोर खाली बसली. माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होती, आवाज जिथून येतो तिथे.

"तुम्ही ऐकलं ना, सर? सकाळी मी सांगितलं. श्वास चालू होता ना त्यांचा?"

मुलगाही माझ्याकडे बघत होता. दोघांना वेगवेगळं उत्तर हवं होतं, आणि खरं उत्तर फक्त मला माहीत होतं. त्या क्लिपा काही महिन्यांनी पुसल्या जायच्या, पण तेव्हा अजून होत्या. तो श्वास तेव्हा अजून राजाजीनगरात होता.

मी म्हणालो, "मावशी, माणूस नसतं तिथे. माझा फक्त आवाज भरून ठेवलाय. ऐकतं ते मशीन."

मुलाने श्वास सोडला. "बघ आई," तो म्हणाला, प्रेमाने.

तिने मान हलवली. दोन-तीनदा हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने विचार केल्यासारखं केलं आणि अगदी साधं विचारलं, "मग मी कोणाशी बोलून राहिले होते?"

सून चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे तिपाईवर ठेवला. मी तो न पिता उठलो.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षं त्याच टेबलावर काम केलं. याला धैर्य म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा. बायकोला मी सांगितलं, पण जुन्या क्लिपवालं. ती म्हणाली, मग तुम्ही काय करणार होता. मी म्हटलं, तेच की. घरातला पंखा आम्ही बदलला. नव्यातही तो श्वास ऐकू यायचा.

यंदा उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांना कामावरून कमी केलं. टीम लीडने काचेच्या खोलीत एकेकाला बोलावून सांगितलं की आता खरोखरच मशीन ऐकणार आहे, माणसांची गरज नाही. तिचे डोळे भरले होते, मलाच तिला पाणी द्यावं लागलं. माझा आवाज मात्र ठेवणार होते. मी टेबल आवरलं. बटणावरची चिकटपट्टी नखाने काढली, तिचा चिकट डाग राहिला. जिना उतरताना मला कळलं की मी त्या बाईला जे खोटं सांगितलं होतं ते आता खरं झालं आहे, आणि आता माझ्यामागे लपायला नियम नाही, नोकरी नाही, काचेची खोली नाही. आता गप्प बसलो तर तो फक्त मीच असणार होतो.

तरी तीन आठवडे गेले. मुलाचं कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीत होतं. एका रविवारी सकाळी बायको देवळात गेल्यावर मी नंबर लावला.

त्याने ओळखलं नाही, मग ओळखलं. त्याने नागपूरला बदली करून घेतली होती, आई त्याच्याकडेच होती. बरी आहे म्हणाला, फार बोलत नाही. काय काम होतं? मी म्हटलं, आईंशी दोन मिनिटं बोलायचंय. तो म्हणाला, तिला आता ते आठवून देऊ नका. मी म्हटलं, दोनच मिनिटं. फोन हातातून हातात गेला.

मी तिला वेळ द्यायला नको म्हणून एका दमात सांगितलं. की मी ऐकलं होतं. मशीन नव्हतं, मी होतो. की सकाळी नऊ चाळीसला ते जिवंत होते, त्यांचा श्वास मी माझ्या कानांनी ऐकला, आणि तिचं मराठी मला कळलं होतं. की मी बटण दाबलं. की त्या दिवशी घरी येऊन तोंडावर खोटं बोललो.

पलीकडे काही नव्हतं. पंखाही नव्हता.  ती रडेल, शिव्या देईल, फोन आपटेल, मी सगळ्याची तयारी केली होती.

"म्हणजे मी येडी नव्हते," ती म्हणाली.

"नाही, मावशी."

"दोन वर्षं मला गोळ्या देऊन राहिले हे." ती ओरडली नाही. म्हणाली, "आता हे याला सांगा. मी सांगून काही उपयोग नाही, मी सांगितलं आहे." आणि फोन मुलाच्या हातात दिला.

हे मी धरलं नव्हतं. तिची माफी मागून मोकळं व्हायचं, एवढंच ठरवून मी फोन उचलला होता. त्याला सांगायचं म्हणजे त्या कुलपाचं सांगायचं. तो दोनदा हॅलो म्हणाला. मी फोन ठेवू शकलो असतो. ठेवला असता तर ती पुन्हा कुणाशी बोलली असती?

मी त्याला सांगितलं. वेळ सांगितली.  शेवटी तो म्हणाला, "आई काय बोलली होती, ते शब्द आठवतात तुम्हाला?"

मी म्हटलं, आठवतात.

"सांगा."

मी सांगितले. तिच्याच बोलीत, ज्या क्रमाने ती बोलली त्याच क्रमाने, काहीही न गाळता. मुलाला सांगा कोणी, हेसुद्धा. 

 त्याने फोन बंद केला नाही. बहुतेक टेबलावर ठेवला असावा. पावलं ऐकू आली, मग खुर्चीत धप्पकन बसल्याचा आवाज, मग ज्याला रडणं म्हणायचं की खोकला ते मला सांगता येणार नाही, आणि मग तिचा आवाज, जवळ येत जाणारा. ती त्याच्याशी बोलायला लागली होती. काय बोलत होती ते मला कळलं असतं, अजून दोन सेकंद थांबलो असतो तर.

ते माझ्यासाठी नव्हतं. मी फोन ठेवला.